कुरालायनं घेतलेलं नाव

कुरालाय आमच्या फेरीबोटीवर थर्ड मेट म्हणून रुजू झाली त्याच दिवशी तिनं माझ्या स्वयंपाकघराचं दार माझ्याच तोंडावर लावलं. ते जड लोखंडी दार आग अडवण्यासाठी असतं, पण आत उकाडा इतका की मी ते कित्येक वर्षं पिठाचं पोतं टेकवून उघडं ठेवत आले होते. तिनं पोतं उचललं, बाजूला सारलं, दार लोटलं आणि म्हणाली, "आपा, उघडं राहिलं तर हे दार नाही, भिंतीतलं भोक आहे."

"आणि बंद राहिलं तर मी बाल्झिया नाही, भट्टीतलं मटण आहे," मी म्हटलं.

ती खळखळून हसली. पोतं मात्र परत मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी कुठूनसा एक जुना पंखा घेऊन आली, स्वतः स्टुलावर चढून तो भिंतीला बसवला, आणि माझ्याकडून चहा न घेताच गेली. त्या पंख्यानं माझं तोंड बंद झालं. एरवी माझं तोंड बंद करणं सोपं नाही, हे बोटीवर कुणालाही विचारा.

कुरिक बंदरातून निघायचं, कॅस्पियन ओलांडून अझरबैजानच्या अलातला जायचं, तिथले ट्रक आणि रेल्वेचे डबे घेऊन परत यायचं, हे आमचं आयुष्य. थर्ड मेटच्या अंगावर असतात लाइफ जॅकेटं, आगीच्या नळ्या, जीवरक्षक होड्या, प्रवाशांचा सराव आणि जगातल्या सगळ्या व्यापारी जहाजांना लागू असणारा तो नियमांचा जाडजूड ग्रंथ. आधीचे थर्ड मेट तो ग्रंथ तपासनीस आला की बाहेर काढत. आमचे ट्रकवाले तर उघड म्हणायचे, "आपल्या समुद्राला बाहेर जायला वाट नाही, मग बाहेरचे नियम आत कशाला?"

"बुडायला पाणी पुरेसं आहे ना?" कुरालाय विचारायची. "मग नियमही तेवढेच पुरेसे."

शिडीपाशी उभी राहिली की कागद पाहिल्याशिवाय ती कुणाला वर घ्यायची नाही. कप्तानाचा सख्खा मेव्हणा टरबुजाची पिशवी घेऊन आला होता, त्यालाही तिनं उन्हात उभं ठेवलं. पिशवीतली टरबुजं एकेक करून बाहेर काढायला लावली. मेव्हणा लालबुंद झाला. कप्तान विताली पेत्रोविच वरून बघत होता. संध्याकाळी त्यातलंच एक टरबूज त्यानं तिला पाठवलं.

हजेरीच्या बाबतीत ती सगळ्यात कडक होती. एकदा सरावाच्या वेळी एका जॉर्जियन ड्रायव्हरनं झोपलेल्या मित्राच्या नावाला 'हजर' म्हणून दिलं. कुरालायनं सगळा सराव पुन्हा घेतला. ड्रायव्हर कुरकुरायला लागले तेव्हा म्हणाली, "दुसऱ्याच्या नावानं हजेरी मेलेल्याचीसुद्धा देता येते. मला ज्याचा त्याचा आवाज पाहिजे." मला ती एकदा कांदे चिरता चिरता म्हणाली होती, "आपा, या ग्रंथातल्या एकेका नियमाखाली माणसं बुडालेली आहेत. ती सांगून गेली म्हणून आपल्याला कळलं." मला तिचा अभिमान वाटायचा, हे मी तेव्हा कबूल केलं नाही. तिखट स्वभावाच्या बाईनं लगेच कौतुक करू नये, समोरची शेफारते.

अशी ही कप्तानाच्या मेव्हण्याला न भिणारी बाई घरी गेली की मान खाली घालून चहा ओतणारी सून असायची. नवरा तेलाच्या विहिरींवर, घर शेत्पेजवळच्या गावात, घरात सासऱ्यांचा दरारा. सासऱ्यांचं नाव कोझीबाय. आमच्यात सून सासरच्या थोरांचं नाव घेत नाही. मी माझ्या सासऱ्यांचं नाव त्यांच्या कबरीच्या दगडावर वाचलं, तेही मनातल्या मनात. कुरालाय तर त्याच्याही पुढची. 'कोझी' म्हणजे कोकरू, म्हणून लग्न झाल्यापासून तिनं कोकरालाही कोकरू म्हटलं नव्हतं. 'मेंढीचं बाळ' म्हणायची. जेवणात कोकराचं मटण आहे का, असं तिनं मला कधी सरळ विचारलं नाही.

त्या वसंतात कोझीबायच्या पुतण्याचं, दौरेनचं, अलातकडच्या मुलीशी जमलं. सुपारी फोडायला म्हणा हवं तर, घरची मंडळी आमच्याच फेरीबोटीनं निघाली. कोझीबाय, दौरेन, दौरेनची आई खालिमा, आणि एका व्हॅनमध्ये भरलेला आहेर. त्यात शुबातच्या, म्हणजे आंबवलेल्या उंटिणीच्या दुधाच्या, मोठाल्या बाटल्या. पण म्हातारबांच्या मनात आणखी एक काम होतं. बोटीवर पाय ठेवल्याबरोबर त्यांनी कप्तानाला गाठलं.

"पोरीला आता मोकळी करा. सून घरात शोभते, लोखंडावर नाही."

पांढऱ्या दाढीचा मान राखत कप्तान म्हणाला, "शरदापर्यंत करार आहे, अक्साकाल. मग बघू."

"बघायचं काय त्यात? मी न्यायलाच आलोय," म्हातारबा म्हणाले. कुरालाय तिथंच उभी होती. ती लाइफ जॅकेटांच्या दोऱ्या तपासत राहिली.

निघण्याआधी प्रवाशांच्या जेवणघरात सराव झाला. कुरालाय एकेक नाव वाचत गेली आणि एका नावापाशी अडली. समोर म्हातारबा दाढी कुरवाळत बसलेले.  शेवटी आमच्या बोसननं, खलाशांच्या मुकादमानं, तिच्या हातातला कागद घेतला, "कोझीबाय येसेनुली!" असं दणकून वाचलं आणि कागद परत दिला.

"वळण आहे हो पोरीला," खालिमा सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली.

बोसन नंतर माझ्या दारात येऊन म्हणाला, "आपा, जगाच्या कायद्यातून आज एक माणूस सुटला." मी त्याच्या अंगावर ओलं फडकं फेकलं. पण कुरालायनं ते ऐकलं होतं, आणि तिचा चेहरा पडला तो पडलाच.

दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं आटोपत होती तेव्हा घंटा झाली. सात छोटे ठोके आणि एक लांब. खालच्या वाहनांच्या डेकवर एका फ्रिजवाल्या ट्रकच्या वायरीनं पेट घेतला होता. बोसन आणि खलाशी नळ्या घेऊन खाली धावले. माझं काम जेवणघरात जॅकेटं वाटायचं. हात आपोआप चालत होते; या पोरीनं इतक्यांदा सराव करून घेतला होता.

थोड्याच वेळात कुरालायच्या हातातल्या वॉकीटॉकीवर कप्तानाचा आवाज आला. "पाण्यानं आटपत नाही. आमची माणसं बाहेर काढलीत, मोजलीत. आता दारं बंद करून गॅस सोडतो. तुझ्याकडचे सगळे आहेत?"

हा गॅस आगीचा श्वास कोंडतो. आत माणूस असेल तर त्याचाही. म्हणून सगळे आहेत असं कळल्याशिवाय तो सोडायचा नाही, हा नियम.

कुरालाय वाचायला लागली. ड्रायव्हर एरवी दात काढत 'हजर' म्हणायचे, आज भराभर म्हणत होते. दौरेन हजर. खालिमा हजर. मग ती थांबली. सगळ्यांवरून नजर फिरवली. म्हातारबा नव्हते.

"बाबा कुठे आहेत?"

"नमाजाला गेले असतील केबिनमध्ये," खालिमा म्हणाली. "कर खूण आणि आटप. जीव जायची वेळ आलीय इथं."

दौरेन म्हणाला, "मी आत्ताच पाहिलं त्यांना जिन्यापाशी. वहिनी, हजर धरा ना. मी सांगतोय ना, काका आहेत."

"तुझा आवाज मला मिळालाय. मला त्यांचा पाहिजे."

"मी बघून येतो मग."

"जागेवरून कुणी हलायचं नाही!" ती अशी ओरडली की तो मटकन खाली बसला. मग वॉकीटॉकीत म्हणाली, "एक माणूस कमी आहे. गॅस सोडू नका."

"कुरालाय, शेजारच्या ट्रकचे टायर धरायला लागलेत. किती थांबू?"

"सोडू नका, विताली पेत्रोविच."

जेवणघराच्या भिंतीवर लाउडस्पीकरचा माइक आहे. तिथं बोललं की सगळ्या बोटीत ऐकू जातं, तळापर्यंत. तिनं तो उचलला. तिचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. मला वाटलं आपणच ते नाव घ्यावं, तो काही माझा सासरा नाही.  पण बोसनच्या आवाजात काय आणि माझ्या आवाजात काय, तो म्हातारा सराव समजून बसला असेल तर उठायचा नाही. बहुतेक तिनंही तेच ओळखलं. एरवी माइक तिनं माझ्या हातात दिला असता.

"कोझीबाय!" ती म्हणाली. मग आणखी मोठ्यानं, घसा फाटेल इतक्या मोठ्यानं. "कोझीबाय येसेनुली! मी कुरालाय बोलतेय. कोझीबाय, जिथं असाल तिथून वर या! हा सराव नाही! कोझीबाय!"

खालिमानं स्वतःचा गाल चिमटीत धरला. "गेली गं बाई लाज," ती पुटपुटली. कुरालायच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ती ते नाव परत परत घेत होती, इतक्या वर्षांचं राहिलेलं सगळं एकदम फेडत असल्यासारखी. मला त्या क्षणी खालिमाचा इतका राग आला की हातातलं जॅकेट मी तिच्या डोक्यात अडकवलं तेव्हा जरा जोरातच ओढलं.

दार ढकललं गेलं. म्हातारबा उभे. दाढी काजळलेली, खोकल्यानं वाकलेले, अंगरख्यावर पांढरा फेस सांडलेला, हातात शुबातची अर्धी बाटली.

दौरेन उठून धावणार होता, पण कुरालायनं हात आडवा केला. ती सासऱ्यांच्या समोर गेली. हातात माइक नव्हता, कागद होता. त्यांच्या डोळ्यांत बघून, अगदी हळू, तिनं विचारलं, "कोझीबाय येसेनुली?"

म्हातारबांनी बाटली खाली ठेवली. ताठ उभे राहिले.

"हजर," ते म्हणाले.

"सगळे हजर," तिनं कप्तानाला सांगितलं. "सोडा."

आग विझली. दोन ट्रक खाक झाले, माणूस एकही गेला नाही. मागाहून कळलं ते असं. शुबातच्या बाटल्या हलल्या की फुगतात, अधूनमधून टोपण सैल करून वारा काढला नाही तर फुटतात. आहेर फुटला तर तोंड कसं दाखवायचं, म्हणून म्हातारबा खाली जायला निघाले. बोट चालू असताना प्रवाशानं वाहनांच्या डेकवर जायचं नाही. दारावर खलाशी होता, पण आमच्याच मुलखातला. पांढऱ्या दाढीला नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. 'पटकन या हं, आजोबा,' म्हणाला आणि घंटा झाल्यावर त्यांना विसरून नळीकडे पळाला. म्हातारबा पार दुसऱ्या टोकाला, व्हॅनचं दार ओढून आत बसलेले. त्या खलाशाला कुरालायनं नंतर असं फैलावर घेतलं की तो आता स्वतःच्या आजोबांनाही कागद विचारतो.

अलातला चौकशी होईपर्यंत बोट अडकून पडली. तेव्हा मुलीकडच्यांनी आम्हा बोटीवरच्या मंडळींनाही जेवायला बोलावलं. पुलाव होता, चांगला होता. केशर माझ्यापेक्षा जास्त घालतात. कुरालाय गणवेशातच आली होती, पण सून म्हणून चहाच्या भांड्यापाशी बसली होती. सासऱ्यांकडे बघायची तिची हिंमत नव्हती. त्या दुपारपासून दोघं एकमेकांशी बोललेच नव्हते.

खालिमाच्या जिभेला कधी हाड नव्हतंच. नव्या व्याह्यांसमोर ती म्हणाली, "आमच्या थोरल्या सूनबाईंचं ऐकलंत का? सासऱ्याचं नाव भोंग्यावरून घेतात. अझरबैजानच्या किनाऱ्यापर्यंत ऐकू आलं असेल."

सगळे ओशाळं हसले. कुरालाय चहाचं भांडं उगाच पुसत बसली.

म्हातारबांनी चमचा ठेवला. "घंटा मी ऐकली होती," ते म्हणाले. "म्हटलं, सूनबाईंचा खेळ पुन्हा सुरू झाला. बसलो तसाच बाटल्या सोडत. मग तिच्या आवाजात माझं नाव आलं. तेव्हा घाबरलो. म्हटलं, ही पोर कोकराला कोकरू म्हणत नाही, आणि माझं नाव घेतेय. म्हणजे मी मरायला टेकलोय."

"तरी पण भाऊजी, चार लोकांत..."

"खालिमा, तिनं एकटीनं घेतलं ते बरं झालं. ती गप्प बसली असती तर तुम्ही सगळ्यांनी मिळून घेतलं असतं. माझ्या मरणाच्या चाळिसाव्या दिवशी."

मग त्यांनी आपला रिकामा कप कुरालायपुढे धरला. "ओत, मेट," ते म्हणाले.