काका, तुमची लय वाढली

तिसरा 'धा' मी जोरात मारला, हात वर नेला, मान वळवली, फोटोत असते तशी पोझ घेतली. आणि तबला तिथं नव्हताच. तो आधीच येऊन पुढं निघून गेला होता.

वर्गातल्या सगळ्या मुलींनी ऐकलं. खाली पिठाची गिरणी चालू होती, तिनंही ऐकलं असेल.

मग मी जे बोलले ते आठवलं की अजून कान गरम होतात. मी म्हणाले, "काका, तुमची लय वाढली."

थांबा. आधी थोडं सांगते, नाहीतर हे किती भयंकर आहे ते कळणार नाही.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, हिंजवडीला. म्हणजे दुसऱ्यांनी प्रोग्राम लिहायचा आणि मी त्यातल्या चुका शोधायच्या. चुकीला आम्ही बग म्हणतो. मूळची मी अमरावतीची. इंजिनिअरिंगला पुण्यात आले, होस्टेलवरच्या मैत्रिणीला सोबत म्हणून बिबवेवाडीत कुंदाताईंच्या कथकच्या क्लासला गेले. मैत्रिणीनं पंधरा दिवसांत सोडला. मी सहा वर्षं झाली, तिथंच आहे. अठराव्या वर्षी सुरुवात म्हणजे या धंद्यात फारच उशीर. पहिल्या दिवशी सात-आठ वर्षांच्या मुलींच्या रांगेत मला उभं केलं तेव्हा एकीनं विचारलं होतं, "तुम्ही कुणाला न्यायला आलात?"

तर कथक. तीनताल म्हणजे सोळा मात्रांचं एक चक्र, एक आवर्तन. घड्याळाचा काटा जसा फिरून बारावर येतो तसं हे चक्र फिरून पहिल्या मात्रेवर येतं. त्या पहिल्या मात्रेला सम म्हणतात. नाचणारी, तबलेवाला, पेटीवाला, सगळे मधे काय हवं ते करू देत, समेवर भेटायचं. आणि तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणायचा, नाचायचा, आणि तिसऱ्याचा शेवटचा 'धा' बरोब्बर समेवर पाडायचा. तो पडला की बघणाऱ्याच्या तोंडून आपोआप "वा" निघतं. नाही पडला तर शेजारचा माणूस खोकतो.

आमच्या क्लासला तबल्यावर बापूकाका. आकुर्डीच्या एका कारखान्यात फिटर होते. कारखान्यानं व्हीआरएस आणली, काकांनी घेतली, आणि तोवर सुट्टीच्या दिवशी वाजवायचे तो तबला त्या दिवसापासून रोज. पण ते फक्त रविवारी आमच्याकडे. बाकीच्या दिवशी मी रूमवर प्रॅक्टिस कशावर करणार? म्हणून पहिल्या बोनसमधून बुधवार पेठेतून एक डबा आणला. इलेक्ट्रॉनिक तबला आणि लेहरा. लेहरा म्हणजे सोळा मात्रांत फिरत राहणारी पेटीची धून. डब्यावर आकडा फिरवायचा, तेवढी लय. दुकानदार म्हणाला, "घेणार असाल तर चालू करून दाखवतो."

"चुकत नाही ना मध्येच?" मी विचारलं.

"मशीन आहे, मॅडम. चुकायला माणूस लागतो."

मला तो डबा इतका आवडला! रोज सकाळी कंपनीची बस यायच्या आधी पाऊण तास. आणि टेस्टरच मी, एक्सेल शीट केली. तारीख, लय किती, तिहाई किती वेळा केली, सम किती वेळा आली. सुरुवातीला लाल रंग जास्त होता. सहा महिन्यांनी सगळी शीट हिरवीगार.

आता क्लासमधली एक पद्धत सांगते. प्रत्येकीची एक वही असते. बोल त्यात लिहायचे. पण शेवटचं पान कोरं ठेवायचं. गुरुपौर्णिमेच्या महिनाभर आधीच्या रविवारी त्या पानावर तीन गोष्टी लिहून आणायच्या. काय आलं, काय आलं नाही, पुढं काय. ते सगळ्यांसमोर उभं राहून वाचायचं. मग 'आलं' मधली एक गोष्ट ताई सांगतील ती करून दाखवायची. नाही जमली की ताई लाल पेननं ती खोडतात आणि खालच्या खान्यात लिहितात. वाद नाही. जे 'पुढं काय' मध्ये असतं त्यावर ताईंनी सही केली, तर वर्षभर ते शिकवतात.

आणि मी 'पुढं काय' मध्ये लिहिलं होतं: गुरुपौर्णिमेला सोलो, वीस मिनिटं.

सोलो दरवर्षी एकीलाच मिळतो, तोही ताईंच्या या सहीनंच. मला तो हवा होता म्हणजे इतका हवा होता की मी आईला अमरावतीहून यायचं रिझर्वेशन करायला सांगून ठेवलं होतं.

तर तो रविवार. मी पान वाचलं. शिवाय एक्सेलची प्रिंट काढून नेली होती, तीही दाखवली.

ताईंनी चष्मा वर केला. "रंगीत छापलंयस. ऑफिसात शाई फुकट वाटतं."

मुली हसल्या. मीही हसले, कारण मला खात्री होती.

"बरं. तीन आवर्तनांची ती लांब तिहाई कर. आधी थोडं पायाचं काम, मग तिहाई."

मी उभी राहिले. काकांनी ठेका धरला. पायाचं काम मस्त झालं, घुंगरं काय वाजत होती! मग तिहाई. आणि मग तुम्हाला माहितीये. पोझ माझी, सम काकांची, दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी. आणि वर मी म्हणाले, काका, तुमची लय वाढली.

गाण्यानाचण्याच्या घरात असं बोलत नाहीत. चाळीस वर्षं तबला वाजवणाऱ्याला पाच वर्षं नाचणारीनं सगळ्यांदेखत लय वाढली म्हणायचं! पण माझ्यातली टेस्टर थांबेना. मी पुढं म्हणाले, "नाही म्हणजे, या लयीला माझी एकदाही चुकलेली नाही. शीटमध्ये आहे."

काकांनी तबल्यावरचा हात काढला. शांतपणे म्हणाले, "वाढली. मग?"

"मग तू कुठं होतीस?" ताई म्हणाल्या.

यावर माझ्या शीटमध्ये कॉलम नव्हता.

ताईंनी लाल पेन घेतलं. 'तिहाई' खोडलं. 'सोलो' वर काहीच केलं नाही, नुसतं पेनचं टोपण लावलं. सही नाही. मला रडू येत होतं, पण अजून मनात होतंच की चूक काकांची आहे.

ताईंना ते दिसलं असणार. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दोन वर्षं त्या खुर्चीत बसूनच शिकवतात. हातात चहाचा कप होता. म्हणाल्या, "बापूराव, तुम्हाला वाटेल तसं वाजवा."

काका गालात हसले. आणि सुरू झाले. ताईंनी माझीच तिहाई तोंडानं म्हणायला घेतली. याला पढंत म्हणतात, नाचायच्या आधी बोल म्हणून दाखवायचे. एरवी पढंत करताना हातानं टाळी देऊन मात्रा मोजतात. ताईंच्या एका हातात कप, दुसऱ्या हातात बशी. टाळी नाहीच. काका मधेच पुढं पळाले. ताईंचे बोल बरोबर गेले, आणि सम आली. दुसऱ्या वेळी काकांनी लय अशी ओढली की मला वाटलं थांबतात की काय. ताईंचा 'धा' पण थांबला, वाट बघितली, आणि पडला. समेवर! तिसऱ्यांदा काका आधी पळाले, मग अडखळल्यासारखं केलं, खट्याळपणा नुसता. ताई म्हणतायत, म्हणतायत, एक घोट चहासुद्धा घेतला मधल्या मोकळ्या मात्रेत, आणि शेवटच्या 'धा' ला तोंडानं काहीच म्हणाल्या नाहीत. नुसता कप बशीवर ठेवला.

टक्.

सम.

सगळा वर्ग "वा!" म्हणून ओरडला. माझ्या अंगावर काटा आला. हे लिहितानाही आलाय. एक बाई खुर्चीत बसलीये, पाय हलत नाहीत, हात हलत नाहीत, आणि अख्खा नाच त्या कपात! मी सहा महिने हिरवे खाने मोजत होते आणि हे असं काहीतरी माझ्यापासून चार फुटांवर दर रविवारी चहा पीत होतं.

"आता डबा कपाटात ठेव," ताई म्हणाल्या. "चार रविवार नाचायचं नाही. बापूरावांशेजारी बसायचं आणि लहान मुलींना हातानं ताल धरायचा."

त्या दिवशी आईला फोन केला. सगळं सांगितलं. आई म्हणाली, "नाचाले गेलती का भांडाले?" मग रिझर्वेशनचं विचारलं. मी म्हटलं, राहू दे.

पहिला रविवार मी तोंड फुगवून बसले. लहान मुली ता थेई करत होत्या. अर्ध्या तासानं मला एक दिसलं. गिरणीवाल्यानं खाली पट्टा चालू केला की मुली त्या आवाजाबरोबर पळायला लागत. काका लगेच त्यांच्याबरोबर जात, दोन आवर्तनं तसेच राहत, आणि मग हळूच, कुणाला न कळता, त्यांना खाली आणत. हात धरून जिना उतरवावा तसं. एकाही मुलीला कधी म्हणाले नाहीत की तू पळतेस. काका स्वतःच्या हाताकडे बघतच नव्हते. मुलींच्या खांद्यांकडे बघत होते.

दुसऱ्या रविवारी धीर करून विचारलं, "काका, त्या दिवशी माझ्या वेळी लय का वाढवली?"

"मी?" ते हातोडीनं तबला ठोकून स्वरात लावत होते. "अगं सॉफ्टवेअर, तूच पळत सुटलीस. पायाच्या कामात. नाचणारी पळाली तर तबल्यानं काय दारात उभं राहायचं? आलो तुझ्या मागं. आणि वळून बघतो तर तू परत घरी."

सगळं डोळ्यासमोर आलं. सगळा वर्ग बघतोय, ताई बघतायत, घुंगरं मस्त वाजतायत, म्हणून मीच सुसाट निघाले होते. काका माझ्यासाठी आले. आणि तिहाई सुरू झाली तसा माझ्या डोक्यातला डबा चालू झाला, मी पाठ केलेल्या आकड्यावर परत गेले आणि त्यांना तिथंच सोडलं.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत? सगळ्यांसमोर मी तुमचीच चूक काढली."

"तू छापून आणलं होतंस," काका म्हणाले. "छापील कागदापुढं आम्ही काय बोलणार?"

"सॉरी, काका."

"लयीत म्हण."

त्या वर्षी सोलो सईला मिळाला. सई नववीत आहे, माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि क्लासमध्ये दोन वर्षांनी मोठी. ताईंनी मला सांगितलं, "तिची पढंत तू कर." म्हणजे स्टेजवर कडेला, काकांच्या शेजारी बसून, तिचे बोल मी म्हणायचे आणि हातानं ताल धरायचा. मला आनंद झाला की वाईट वाटलं ते खरंच सांगता येत नाही. दोन्ही झालं.

शाळेचा हॉल भरलेला होता. सईनं सुरुवात छान केली. मग मधे कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मला तिचा खांदा दिसला. उचललेला. पळणार ही! मी काकांकडे बघितलं, ते आधीच निघाले होते. मीही निघाले. पेटीही आली. मोजायला वेळच नव्हता. मी फक्त तिच्या घुंगरांना कान लावला आणि बोल म्हणत गेले, आणि ती लांब तिहाई आली, तीच, माझी, आणि तिसऱ्या 'धा' ला सईचा पाय, काकांचा हात आणि माझा आवाज एकाच ठिकाणी पडले.

हॉलमधून "वा!" आलं. ते माझ्यासाठी नव्हतं. पण मी त्याच्या आत होते! सहा महिन्यांच्या हिरव्या शीटमध्ये मला असं एकदाही झालं नव्हतं.

ऑफिसात याचा एक परिणाम झाला. आता बग नोंदवायच्या आधी मी स्वतःचा सेटअप तपासते. बऱ्याचदा घोळ माझ्याकडेच निघतो. परवा अप्रेझलला मॅनेजर म्हणाले, "यंदा तुझे बग कमी दिसतायत. काय झालं?"

मी म्हटलं, "सर, लय कुणी वाढवली ते आधी बघते."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. रेटिंग तेवढंच राहिलं.

यंदाचा शेवटच्या पानाचा रविवार मागच्या आठवड्यात झाला. मी उभं राहून वाचलं. काय आलं: सोळापर्यंत मोजणं. काय आलं नाही: मोजणं थांबवणं. पुढं काय: काका नेतील तिथं जाणं, आणि मी नेते तेव्हा काका येतात हे लक्षात ठेवणं, आणि कधीतरी सोलो.

"शेवटचं वाक्य फार लांबलंय," ताई म्हणाल्या. "समेवर यायचं नाही ते."

"खोडू का?"

"राहू दे." त्यांनी पेनचं टोपण काढलं. "'कधीतरी' तेवढं खोड."

आणि खाली सही केली.