लातूरच्या यादीत लिहून दिलेले शब्द

नांदेडच्या स्टेशनावर उतरल्यापासून पाच मिनिटांत मी चिडलो, याची नोंद माझ्या बायकोने, सुमतीने, घड्याळ पाहून केली. कारण झाला रिक्षावाला. गुरुद्वाऱ्याला येणार का, असं मी सरळ विचारलं, तर तो म्हणाला, “विषयच न्हाई.” (यात विचारायचं काय, असा याचा अर्थ आहे, हे मला दुपारपर्यंत कळलं.) येणार की नाही ते सांगा, असं मी पुन्हा म्हटलं. त्याने पुन्हा तेच म्हटलं आणि आमची बॅग उचलून आत ठेवली.

आम्ही निघालो होतो लातूरला. आमची मुक्ता पुण्यात नोकरी करते आणि तिथल्याच ऑफिसातल्या मन्मथ नावाच्या लातूरच्या मुलाशी तिला लग्न करायचं होतं. त्याच्या मोठ्या आत्याला गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नव्हता, म्हणून बैठक त्यांच्याच घरी ठरली. मुक्ता पुण्याहून परस्पर तिकडे येणार होती. बैठकीत सगळ्यांची मनं जुळली तरच तारीख निघणार होती. “बाबा, फक्त नीट बोला,” एवढंच ती फोनवर म्हणाली. मी चौतीस वर्षं मोजणी खात्यात भूकरमापक होतो. बांधावर कुऱ्हाडी घेऊन उभ्या राहिलेल्या भावकीशी मी बोललो आहे, आणि मला ही नीट बोलायला सांगते, म्हणून मला जरा रागच आला होता.

नांदेडला थांबायचा हट्ट सुमतीचा. आपल्या नाशिकची गोदावरी तिथे कशी वागते ते तिला बघायचं होतं. गुरुद्वाऱ्यात दर्शन झालं, लंगरमध्ये डाळ-रोटी पोटभर जेवलो आणि घाटावर गेलो. “केवढी मोठी झाली ना ही?” सुमती कौतुकाने म्हणाली. मी म्हणालो, “तसं नाही, हे बंधाऱ्याने अडवलेलं पाणी आहे.” त्यानंतर बस मिळेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. का, ते मला कळलं नाही.

लातूरच्या एसटीत शेजारी एक फेटेवाले म्हातारबा बसले होते. ते लोह्याला उतरणार होते. “कुठं जायले?” त्यांनी विचारलं. (कुठे चाललात?) लातूरला, म्हटलं. “कामून?” (कशासाठी?) सुमतीने सगळं सांगितलं. जायले, बसायले, कामून, लई, हाव, असे शब्द मी मनातल्या मनात वेचून बाजूला काढत होतो आणि प्रत्येकाला दातांखाली खडा आल्यासारखं तोंड करत होतो. म्हातारबांनी ओंजळभर भाजलेल्या शेंगा आमच्यापुढे धरल्या. चुकून खवट दाणा लागला असेल असं वाटून त्यांनी मला आणखी शेंगा दिल्या.

लोह्याला गाडी चहासाठी थांबली, म्हातारबा उतरले. पुढे अहमदपूर, चाकूर. दोन्ही बाजूंना काळी रानं आणि काढून झालेलं सोयाबीन. लातुरात उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. मन्मथच्या वडिलांचं, बसवराज अप्पांचं, भांड्यांचं दुकान गंजगोलाईजवळ होतं आणि घर त्याच्यामागे. गंजगोलाई म्हणजे गोल बाजारपेठ, चारी बाजूंनी रस्ते फुटलेले. तिचा व्यास किती असेल याचा अंदाज बांधता बांधता मी एका हातगाडीवर आपटलो, आणि लिंबांचा ढीग रस्त्यावर गेला. लिंबं वेचू लागायला बसवराज अप्पाच दुकानातून धावत आले. कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढरा शर्ट, भरघोस मिशी. आमची ओळख दोघांच्याही हातांत लिंबं असताना झाली.

“शरणार्थ,” ते म्हणाले. (लिंगायत घरांत असा नमस्कार करतात.) मी लिंबांसकट हात जोडले.

माणूस दिलदार होता, पण त्याच्याशी बोलणं अशक्य होतं. मंगल कार्यालय किती मोठं? विषयच न्हाई. पाण्याची सोय? विषयच न्हाई. आमच्याकडची दीडशे माणसं राहणार कुठे? अप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, विषयच न्हाई. मोजणीदाराला निदान एक तरी आकडा लागतो. मी दर वेळी “तसं नाही, पण...” म्हणून सुरुवात करायचो आणि ते दर वेळी मला बशीत आणखी चिवडा वाढायचे. मुक्ता समोर बसून आमच्याकडे आलटून पालटून बघत होती.

मग बैठक बसली. यांच्याकडे लग्न ठरलं की ‘याद’ करतात. दोन्हीकडचं देणं-घेणं कागदावर लिहायचं, कागदाच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचं, सगळ्यांपुढे मोठ्याने वाचायचं आणि पाच जणांनी सह्या करायच्या. काशीनाथअप्पा नावाचे एक वयस्कर गृहस्थ गोतावळ्यातल्या सगळ्या यादी लिहितात. त्यांनी कागदाला हळदकुंकू लावलं आणि पेन उघडलं. तेवढ्यात अक्का, म्हणजे ती थोरली आत्या, मुक्ताची ओटी भरायला भिंतीच्या आधाराने उठल्या. ओटी भरून त्यांनी मुक्ताच्या गालांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आता ही आमची लेक झाली.”

मी म्हणालो, “तसं नाही.”

कसं ते खरंच सांगता येत नाही. तोंडातून गेलं. नारळ फोडायला उचललेला हात तसाच राहिला. आतली भांडी वाजायची थांबली.

“तसं न्हाई तर कसं हाय?” अक्कांनी शांतपणे विचारलं.

तीस-पस्तीस माणसं माझ्या उत्तराची वाट बघत होती आणि मुक्ताचा चेहरा पांढरा पडला होता. तिचं लग्न मी माझ्या तोंडाने मोडतोय हे मला दिसत होतं. शेवटी सुमती पुढे झाली. अक्का, ते सगळ्यांनाच असं म्हणतात, त्यात काही नसतं, आज सकाळी गोदावरीलासुद्धा म्हणाले, असं तिने सांगितलं. कुणीतरी फसकन हसलं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून मन्मथची आई म्हणाली, की यांचं तरी काय वेगळं हाय, जिन्यावरून पडून माझा पाय मोडला तवा बी हे वरून वाकून ‘विषयच न्हाई’ म्हणले. आता सगळेच हसले. अप्पा मिशीला हात लावून खाली बघायला लागले.

काशीनाथअप्पा मात्र हसले नव्हते. पोरांनी देणं-घेणं काहीच नको असं आधीच ठरवलं होतं, आणि त्यामुळे त्यांच्यापुढे कोरा कागद होता.

“देणं न्हाई, घेणं न्हाई,” ते म्हणाले. “पर हळदकुंकू लागलेला कागद कोरा ठिवत न्हाईत. मग कुनी काय सोडनार, ते ल्हितो.”

मला वाटलं थट्टा आहे. तसं... असो. ती थट्टा नव्हती. कलमं लिहिली गेली. वरपित्याने ‘विषयच न्हाई’ सोडावं, वधूपित्याने ‘तसं नाही’ सोडावं, मुदत लग्नाच्या अक्षता पडेपर्यंत. कोणती मागणी कुणाची, तेही काशीनाथअप्पा विचारून लिहीत होते, पण मी शरमेने सतरंजीकडे बघत होतो आणि कानांत नुसता गोंगाट होता. याद मोठ्याने वाचली ती एका काकांनी, इतक्या भरभर की मला फक्त स्वतःचं नाव कळलं. पाच सह्या झाल्या. अक्कांनी अंगठा दिला, आणि माझ्याही तोंडात साखर घातली.

जेवणाला हुग्गी होती. (गव्हाची गुळातली खीर, वर तूप.) अप्पा वाढायला आले. मला पुरे म्हणायचं होतं, पण माझं प्रत्येक ‘पुरे’ त्या दोन शब्दांनी सुरू होत आलेलं असल्यामुळे तोंड उघडायचं आणि नुसतंच मिटायचं. त्याला होकार समजून अप्पा वाढत गेले. पाचव्या वाटीला मी कळवळून त्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी धीराचं बोलावं असं त्यांनाही फार वाटत असावं, पण त्यांचाही शब्द गेलेला. दोघेही एकमेकांकडे बघत गप्प उभे-बसे राहिलो, आणि मग त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. इतकं चांगलं बोलणं आमच्यात दिवसभरात झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ता पुण्याच्या गाडीत बसली आणि आम्ही नांदेडच्या. लोह्याला गाडी पुन्हा चहासाठी थांबली. सुमतीने पिशवीतून आमच्या वाट्याची याद काढली, मी चष्मा लावला आणि पहिल्यांदा नीट वाचली. पहिलं कलम अप्पांचं. मागणार : मुलाची आई. दुसरं कलम माझं. मी अक्कांचं नाव शोधत होतो. तिथे लिहिलं होतं, मागणार : चि. सौ. कां. मुक्ता.

मी कागद मांडीवर ठेवला. चौथीत असताना मुक्ताने गोदावरीचं चित्र काढून मला दाखवायला आणलं होतं. मी म्हणालो होतो, तसं नाही, नदी अशी वळत नाही, आणि पट्टी घेऊन पेन्सिलीने काठ दुरुस्त करून दिले होते. त्यानंतर तिने मला चित्र दाखवल्याचं आठवत नाही. पहिला नंबर, पहिली नोकरी, आणि मन्मथसुद्धा, सगळं तिने आधी सुमतीला सांगितलं. मला फार वाईट वाटलं. चहा निवून गेला.

फोन वाजला. मुक्ताच होती. बस कुठेतरी थांबली होती, मागे भेळवाल्याचा आवाज येत होता.

“बाबा, याद वाचली?”

“वाचली.”

“रागावलात?”

जन्मभर मी जे दोन शब्द नको तिथे वापरले, ते पहिल्यांदाच जागच्या जागी बसत होते, आणि तेच मी सही करून दिले होते. मी घसा साफ केला.

“विषयच न्हाई,” मी म्हणालो.

पलीकडे मुक्ताने नाक ओढलं. “अप्पांनी सोडलाय तो,” ती म्हणाली. “आता तुम्ही घेतला तरी चालेल.”

नाशिकला परतून आता महिना झाला. शेजारीपाजारी कौतुकाने चौकशी करतात, घर कसं, माणसं कशी. आणि मग आवाज उतरवून विचारतात, तिकडची भाषा मात्र फार कानाला टोचत असेल, नाही? उत्तर जिभेवर तयार असतं. पण लग्न वैशाखात आहे. तोपर्यंत मी त्यांना आत बोलावतो आणि लातूरहून आलेल्या शेंगा पुढे करतो.