मार खाऊन पक्कं होत नाही

भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये मुलांना बॉक्सिंग शिकवणारे काका बोलताना सतत स्वतःची मान चोळायचे. "मान कमवता येते, येणारा ठोसा ओळखायला शिकता येतं. पण मार खाऊन डोकं पक्कं होत नाही," हे त्यांचं रोजचं पालुपद.

त्यांच्याकडे शिकणारा सुधीर अंतिम सामना जिंकला तर त्याला टाउनशिपच्या कारखान्यात नोकरी लागणार होती. शेवटच्या फेरीत तो हात खाली सोडून नुसता ठोसे खात उभा राहिला.

"वा, क्या फौलाद है!" पुढच्या खुर्चीतले कारखान्याचे साहेब ओरडले. असल्या कौतुकाची मला आजही चीड येते.

काकांनी हार मानल्याची खूण म्हणून टॉवेल रिंगणात फेकला. सामना गेला, नोकरीही.

"काका, मी पडलो कुठे होतो?" सुधीर रडत म्हणाला.

"पडला असतास तर पंचांनीच थांबवलं असतं," काका मान चोळत म्हणाले.