पुलावरची लाल रेघ

आमच्या समोरच्या घरातल्या बाईंना सगळी इमारत घडीकाकू म्हणते. इस्पितळाच्या धुलाईखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली. मोठमोठ्या ड्रममधून चादरी काढायच्या, गरम रोलरखालून सरकवायच्या आणि समोरच्या बाईबरोबर कोपऱ्याला कोपरा जुळवून घड्या घालायच्या. हाताला लागलेलं ते वळण नोकरी संपली तरी काही जाईना. कुणाकडे चहाला गेल्या तरी बोलता बोलता खुर्चीवरच्या टॉवेलाची घडी घालून मोकळ्या होतात. माझ्याकडून नेलेलं वर्तमानपत्र त्या परत देतात तेव्हा ते नेलं त्याहून नवं दिसतं.

काकूंची पाळी पहाटेची. काका शहरबसवर ड्रायव्हर, आणि त्यांची पाळी दुपारपासून शेवटच्या बसपर्यंत. काकू उठायच्या तेव्हा काकांचा नुकता डोळा लागलेला असायचा, आणि काका घरी यायचे तेव्हा काकूंची निम्मी झोप झालेली. गाठ पडायची ती दुपारी, दारात. एकाची चप्पल निघतेय, दुसऱ्याचे बूट चढतायत. "जेवण झाकून ठेवलंय." "नळ दुरुस्त झाला." "पोरीला खोकला आहे, बाहेर सोडू नकोस." एवढ्या बोलण्यावर संसार झाला, पोरगी मोठी झाली आणि नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली.

मग दोघंही पाठोपाठ निवृत्त झाले, आणि तिथून पंचाईत सुरू झाली.

"तू जेवताना एवढं बोलतेस, हे मला माहीतच नव्हतं," एक दिवस काका म्हणाले.

"आणि तुम्ही एवढे गप्प असता, हे मला," काकू म्हणाल्या.

भांडण असं नव्हतंच. पण काकू अंधारात उठून भांडी लावायच्या आणि काका उशी कानावर घ्यायचे. रात्री काका टीव्ही लावायचे आणि काकू आठ वाजताच भिंतीकडे तोंड करून झोपायच्या. दोघंही लेकीला फोन करायचे, पण वेगवेगळे, आणि तक्रार मात्र एकच. लेकीने बरेच दिवस ऐकून घेतलं आणि मग एक खोकं पाठवून दिलं. आत नवा कोरा कॅमेरा आणि त्याचा ट्रायपॉड, म्हणजे तीन पायांची घडवंची.

"आई, तुला सतत काहीतरी हाताळायला लागतं. हे हाताळ," ती फोनवर म्हणाली.

वाचनालयात एक स्टुडिओवाला फोटोग्राफीचे वर्ग घ्यायचा. काकू नाव घालायला गेल्या तर दिवसाच्या फोटोंचा वर्ग भरलेला होता. जागा होती ती रात्रीच्या फोटोंच्या वर्गात. "चालेल," काकू म्हणाल्या. आठच्या पुढची रात्र आपण कधी जागून काढलेली नाही, हे घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

वर्गात स्टुडिओवाल्याने सांगितलं ते असं. अंधारात उजेड थोडा, म्हणून कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवायचं, म्हणजे तो थेंबाथेंबाने आत येतो. जे स्थिर आहे ते स्पष्ट उमटतं. जे हलतं त्याचा फराटा होतो. आणि तेवढा वेळ कॅमेरा तसूभरही हलता कामा नये. काकूंना हे पटलं. ओली चादर रोलरखाली जाताना कुणी मध्येच ओढली तर चुणी पडते आणि मग ती कशानेच जात नाही, तसंच हे.

पटलं तरी हात ऐकेना. गॅलरीतून काढलेला पहिला फोटो काळाकुट्ट आला, कारण भिंगावरची टोपी काढायचीच राहिली होती. दुसऱ्यात समोरच्या रस्त्यावरचे दिवे अळ्यांसारखे वळवळलेले आले. धुलाईखान्यातलं यंत्र चालू करताना बटण दणकून दाबायची सवय. इथेही काकू तसंच दाबायच्या आणि कॅमेरा ट्रायपॉडसकट दचकायचा. स्टुडिओवाल्याने टायमर लावायला शिकवलं. बटण दाबायचं, हात काढून घ्यायचा, मग कॅमेरा आपणहून शटर उघडतो. तेही जमलं. मग एका रात्री त्यांनी शटर हवं तेवढा वेळ उघडं ठेवायची सोय वापरून बघितली आणि गॅलरीतल्या खुर्चीत बसल्या बसल्या त्यांना झोप लागली. काका पाणी प्यायला उठले तेव्हा काकू घोरत होत्या आणि शटर उघडंच होतं. फोटो पांढराशुभ्र.

"चादर आली की," काका म्हणाले.

काकूंना हसू आलं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या दुपारी झोपायला लागल्या.

पुढचा पाठ होता धावत्या गाड्यांच्या दिव्यांचा. स्टुडिओवाल्याने नमुना दाखवला होता : रिकामा रस्ता आणि त्यावर पांढऱ्या-लाल उजेडाच्या लांबच लांब रेघा, गाडी एकही नाही. काकूंनी ते फारच मनावर घेतलं. नदीवरच्या पुलावर जायचं ठरवलं आणि काकांना म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर."

"रात्र मी पुष्कळ बघितलीय," काका म्हणाले.

"मी नाही बघितली."

काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला. निवृत्तीनंतर काका अंधार पडल्यावर कधी खाली उतरले नव्हते, हे आम्हालाही माहीत होतं. काकू एकट्याच गेल्या. परत आल्या तेव्हा चेहरा उतरलेला. दिव्यांच्या रेघा आल्या होत्या, पण सगळ्या थरथरलेल्या, म्हाताऱ्या माणसाच्या सहीसारख्या. ट्रायपॉडचे पाय घट्ट केले होते, टायमर लावला होता, वारासुद्धा नव्हता. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तर त्यांनी ट्रायपॉडला वजन म्हणून बटाट्यांची पिशवी टांगली. तरी तेच.

तो फोटो काकांनी चष्मा लावून बघितला.

"कुठे उभी राहिली होतीस?"

"मधोमध. तिथून सगळं दिसतं."

"मधोमध पूल हलतो," काका म्हणाले. "जड गाडी गेली की हलतोच. बसमध्ये मला खालून कळायचं. खालच्या खांबाच्या बरोबर वर उभी राहा, तिथे तेवढं हलत नाही."

"मला काय माहीत खाली खांब कुठे आहे ते?"

 काका उठले, स्वेटर चढवला, गळ्यात मफलर गुंडाळला आणि बटाट्यांची पिशवी उचलली.

पुलावर गेल्यावर कठड्याच्या एका जोडापाशी काका थांबले आणि म्हणाले, "इथे." त्यांनी काकूंना समोरचं वळण दाखवलं. बस तिथून आली की आधी दिव्यांचा उजेड झाडांवर पडतो, मग बस दिसते. उजेड दिसला की बटण दाबायचं. सिग्नल कधी सुटेल, कुठली गाडी कुठे वळेल, हे काका असं सांगत होते जसं आपण घरातलं सामान कुठे आहे ते सांगतो. काकू बघतच राहिल्या. हा माणूस सलग एवढं बोललेला त्यांनी ऐकला नव्हता.

"मग इतके दिवस का नाही आलात?" त्यांनी विचारलं.

काका कठड्यावरून खाली बघत म्हणाले, "माझी बस दुसरा चालवताना बघवलं नसतं."

 काकूंनी काकांच्या गळ्यातला मफलर सोडवला, त्याची नीट घडी घातली आणि पुन्हा गुंडाळून दिला.

तेवढ्यात झाडांवर उजेड पडला. काकूंनी बटण दाबलं, शटर उघडलं. बस वळणावरून आली, पुलावर चढली, दिव्यांची रेघ अगदी झकास ओढली जात होती, आणि बस बरोबर त्यांच्यासमोर येऊन थांबली. ड्रायव्हरने खिडकी सरकवली. गाडी चालवायला तो काकांच्याच हाताखाली शिकलेला होता.

"उस्ताद, तुम्ही? इथे काय करताय?"

"फोटो काढतेय ही. वाट लावलीस तू त्याची," काका म्हणाले. पण त्यांचा चेहरा खुलला होता.

"चढा की. पुढच्या स्टॉपपर्यंत तरी."

"छे, छे."

"गिअर अजून तसाच अडतो, उस्ताद. तुम्ही कसा टाकायचात ते पुन्हा सांगा तरी."

मागून एक प्रवासी म्हणाला, "काय ते लवकर ठरवा, घरी वाट बघतायत."

काकांनी काकूंकडे बघितलं. "जा," काकू म्हणाल्या. काका बटाट्यांसकट बसमध्ये चढले आणि ड्रायव्हरच्या पाठीमागे दांडा धरून उभे राहिले. दार मिटलं. काकूंनी झटपट ट्रायपॉड फिरवला, टायमर लावला आणि श्वास रोखून उभ्या राहिल्या. बस पूल उतरून पलीकडच्या चढावर दिसेनाशी झाली.

काका पुढच्या स्टॉपवरून चालत परत आले तेव्हा चांगलेच दमले होते आणि भरभरून बोलत होते. गिअर खरंच अडत होता. सीटचं कापड नवं घातलंय, पण रंग भिकार आहे. पोरगा गाडी बरी चालवतो, ब्रेक मात्र घाईने लावतो. सगळं ऐकून झाल्यावर काकूंनी त्यांना कॅमेऱ्याचा मागचा पडदा दाखवला. काळी नदी, स्थिर कठडा आणि त्यांच्या पुढ्यातून थेट पलीकडच्या चढापर्यंत गेलेली एक लाल रेघ, कुठेही न थरथरलेली.

"बस कुठाय?" काकांनी विचारलं.

"हीच बस. तुम्ही पण आहात यात."

काकांनी चष्मा वर केला, खाली केला, पडदा डोळ्यांजवळ नेला. "बरा दिसतोय मी," ते म्हणाले.

वर्ग संपताना वाचनालयात फोटो लावले तेव्हा काकूंनी हाच दिला. स्टुडिओवाला म्हणाला, डावीकडे जरा जागा जास्त सुटलीय. काकू म्हणाल्या, असू दे. काका मात्र तिथे रोज जायला लागले. फोटोसमोर कुणी थांबलं की घसा खाकरून माहिती द्यायचे. शेवटी वाचनालयाच्या बाईंनीच त्यांना हळू बोलायची विनंती केली.

त्यानंतर दोघांचं वेळापत्रकच बदललं. दुपारी दोघंही झोपतात, संध्याकाळी जेवून निघतात. पाण्याची टाकी झाली, रेल्वेचं फाटक झालं, इस्पितळाची मागची बाजू झाली, जिथे धुलाईखान्याच्या चिमणीतून रात्रभर वाफ निघते आणि फोटोत ती कापसासारखी दिसते. ट्रायपॉड कुठे लावायचा यावरून दोघांचं रस्त्यात जोरजोरात वाजतं. काकांचं म्हणणं, रस्ता मला ठाऊक. काकूंचं म्हणणं, कॅमेरा माझा. लेकीला हल्ली फोन येत नाहीत. ती करते तेव्हा कुणी उचलत नाही.

म्हणून गेल्या महिन्यात ती स्वतःच आली. संध्याकाळी आई-बाबा तिला टेकडीवर घेऊन गेले, खालच्या शहराचे दिवे टिपायला. थंडी कडाक्याची होती. थोड्या वेळाने ती हात चोळत म्हणाली, "आई, बाबा, मला तुमच्याशी जरा बोलायचं होतं. आपण घरी जाऊया का?"

"श्श," दोघं एकदम म्हणाले. "हलू नकोस. शटर उघडं आहे."