भासऱ्यासमोर

माझी मुलगी डॉक्टरांच्या हाताखाली काम करायचं शिकते. त्या कोर्सला फिजिशियन असिस्टंट म्हणतात. मला ते नाव नीट म्हणता येत नाही, म्हणून कुणी विचारलं तर मी ‘दवाखान्याचं शिकते’ एवढंच सांगते. आमच्या गावाहून, रोहण्याहून, रोज येणं-जाणं जमेना, तेव्हा आम्ही दोघी वर्ध्याला खोली करून राहिलो.

पुस्तकं होती तोवर ठीक होतं. या वर्षी वॉर्डातल्या ड्युट्या लागल्या आणि ती गप्प गप्प राहू लागली. एका वॉर्डात जरा बस्तान बसलं की दुसरा वॉर्ड. नव्या सिस्टर, नवे डॉक्टर. कुठं उभं राहावं तेच कळत नाही, म्हणायची. एका आजीनं तिला विचारलं, "तू सिस्टर हायेस का डॉक्टर?" ही म्हणाली, दोन्ही नाही. "मंग कायले माही नाडी पाहून राह्यली?" हे सांगताना ती हसली, मीही हसले. वाटलं, होईल सवय.

मग बायकांचा वॉर्ड लागला. एक दिवस ती आली ती चपला न काढता दारातच बसली.

"काय झालं वं माय?"

"मी नाई जात उद्यापासून."

तळेगावकडची एक बाई अशक्तपणासाठी भरती झाली होती. तिला सगळं विचारून डॉक्टरांना सांगायचं काम हिच्याकडं होतं. खाटेजवळ बाईचा भासरा उभा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. बाईनं पदर नाकापर्यंत ओढलेला. हिनं पाळीचं विचारलं, तर भासराच म्हणाला, "तिले तसलं काई नाई. कमजोरी हाये, सलाईन लावा." बाईनं नुसती मान हलवली. हिनं तेच डॉक्टरांना सांगितलं. दुपारी सिस्टरनं पाहिलं तर बाईच्या अंगावरून कधीचं लाल जात होतं. डॉक्टर सगळ्यांसमोर हिला म्हणाले, "त्या माणसाला बाहेर थांबा म्हणता आलं नाही तुम्हाला?"

"काऊन नाई म्हटलं तू?" मी विचारलं.

"तू म्हटलं का कधी मोठ्या बाबाले, जरा बाहेर जा म्हणून?"

मोठे बाबा, म्हणजे माझे भासरे, ओसरीवर आले की मी हातातलं काम टाकून आत जात असे. ही लहान होती, तिलाही ओढून नेत असे. हळू बोल, मान खाली घाल, मधात बोलू नको. पोरगी वळणाची आहे असं लोक म्हणत, तेव्हा मला केवढं बरं वाटे. माझ्याजवळ द्यायला तेवढंच होतं आणि ते मी सढळ हातानं दिलं. ते वॉर्डात असं आडवं येईल हे मला कुठून कळणार? पण फार वाईट वाटलं.

"जा उद्या," मी म्हटलं. "तिले एकटीले इचारजो."

"आता काय इचारू? समजलं नं सगळं."

"सिस्टरले दिसलं ते. बाई कुठं बोलली?"

सकाळी ती गेली. संध्याकाळी आली, एप्रन बादलीत भिजवला आणि मग सांगितलं. त्या खाटेवर दुसरीच बाई होती. कापूस वेचायला माणूस नाही म्हणून घरच्यांनी सही करून तिला नेलं होतं. डॉक्टरांनी थांबा म्हटलं, तरी नेलं.

"काय इचाराचं ते रस्त्यानं पाठ केलं होतं मी," ती म्हणाली.

एप्रन चोळता चोळता पुढचं सांगितलं. नव्या बाईजवळ तिचा जावई बसला होता. त्याला हिनं बाहेर थांबायला सांगितलं.

"गेला?"

"गेला. बाई लई बोलली मंग."

तिचा चेहरा मात्र उतरलेलाच होता. मी ताट वाढलं. तळेगावकडची ती बाई या वेळी कापसाचं ओझं डोक्यावर घेऊन घरी येत असेल, असं माझ्या मनात आलं. लेकीच्याही मनात तेच असावं, कारण दोघींपैकी कुणीच घास उचलला नाही.