तड्यावरची काच

सरदारांची हवेली वारसा म्हणून जाहीर झाली आणि तिथल्या रखवालदाराची झोप उडाली. हवेलीत आता खिळासुद्धा ठोकायची बंदी, अन् जिन्याजवळच्या भिंतीला तर हा भला मोठा तडा! इंजिनियरने तड्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवली. "ही तडकली तर समज, भिंत सरकतेय. आधी सगळ्यांना बाहेर काढ."

भिंतीपलीकडेच रखवालदाराची खोली. कुठे खट्ट झालं की तो धावत जाऊन काच बघायचा. काच अखंड. मुलं त्याच भिंतीला टेकून शिकली, मोठी झाली, तरी काच अखंडच.

आज वरच्या दिवाणखान्यात पाहुण्यांची दणदण चालली होती. काचेवरून बोट फिरवत तो बायकोला म्हणाला, "गुणाची गं, एकदाही तडकली नाही."

"तडकते की! झाडताना दिसली की मीच बदलते. इंजिनियरने दिलेल्या जादा पट्ट्या आहेत ना. तुम्ही आधीच भित्रे, उगाच जिवाला घोर कशाला?"

काचेवरचं बोट तसंच ठेवून त्याने विचारलं, "ही कधी लावलीस?"

"सकाळीच."

त्याच्या बोटाखाली काच कट्कन वाजली.