वर सरकणारी यादी

आमचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. निवृत्त झाले तरी हात स्वस्थ बसेनात. घरातला मिक्सर, शेजाऱ्यांची बेल, माझ्या नवऱ्याचा चांगला चालणारा पंखा, सगळं खोलून झालं. शेवटी जुना मॉनिटर, छोटा कॉम्प्युटर आणि खास काच आणून त्यांनी बेसिनवर स्मार्ट आरसा बसवला. तोंड धुताना त्यात घड्याळ दिसतं, हवामान दिसतं आणि उजव्या कडेला दिवसभराच्या कामांची यादी. यादी फोनवर लिहायची. काम झालं की आरशात त्यावर बोट टेकवायचं, रेघ पडते.

यादी आईसाठी होती. ती शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क होती आणि झालेल्या कामावर रेघ मारल्याशिवाय तिला चहा गोड लागत नाही. एखादं काम न लिहिताच झालं, तर ती आधी ते लिहिते आणि मग खोडते. तिच्यासाठी बाबांनी अक्षरं मोठी केली, पिवळी केली, आणि पिवळी बघून तिनं नाक मुरडलं म्हणून पुन्हा पांढरी केली.

मग आई स्टुलावरून पडली. उजव्या खांद्याचं हाड मोडलं. ते जुळलं, पण खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. फिजिओथेरपीच्या बाईंनी भिंतीवर बोटं चालवत हात रोज थोडा वर न्यायला सांगितलं.

"मी काय पाल आहे?" आई म्हणाली, आणि विषय संपला.

डॉक्टरांनी महिनाभर वाट पाहायची ठरवली. तोवर फरक पडला नाही, तर भूल देऊन खांदा मोकळा करावा लागणार होता. आई भुलीला घाबरली होती. ती सगळ्यांवर डाफरायला लागली, त्यावरून मी ओळखलं. व्यायाम मात्र नाही म्हणजे नाही. तिचे केस बाबाच बांधायचे. अंबाड्याचं पार बोचकं व्हायचं, आणि आई आरशासमोर डोळे मिटून घ्यायची.

बाबांनी वाद घातला नाही. लग्नाला वर्षं झाली तसा तो नाद त्यांनी सोडलाय. त्यांनी फक्त यादी हलवली. आधी ती आरशाच्या तळाशी आणली. मग आई उठायच्या आत ते ती रोज जराशी वर सरकवायचे, लिफ्ट मजल्याशी जुळवताना सरकवायचे तितकीच. मग बाहेर पेपर धरून कान लावून बसायचे. आतून "आई गं!" ऐकू आलं, की दुसऱ्या दिवशी यादी जागची हलायची नाही. डाव्या हातानं रेघ मारणं आईला मुळातच मान्य नव्हतं.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. महिना संपत आला तेव्हा मी माहेरी राहायला गेले. सकाळी दात घासताना बघते तर यादी माझ्या डोक्याच्याही वर.

"बाबा, ही छताला का टांगलीय?" मी ओरडले.

बाबा धावत आले. त्यांनी मला डोळ्यांनी दटावलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण आई माझ्या मागेच उभी होती. झालं, आता ही हट्टाला पेटणार, असं मला वाटलं.

"तिला काय दटावताय?" आई बाबांना म्हणाली. "लिफ्टवाल्याबरोबर संसार केलाय मी. दुसऱ्याच दिवशी कळलं होतं मला."

"मग बोलली का नाहीस?" बाबांनी विचारलं.

"बोलले असते तर थांबला असतात. मला भूल नको होती हो. पाल व्हायची लाज वाटत होती, एवढंच."

तिनं कंगवा उचलला. दोन्ही हात मागे नेले. पहिल्यांदा केस सुटले, तिचा चेहरा पिळवटला. दुसऱ्यांदा वेढा बसला. अंबाडा जरा तिरका होता, पण तिनं स्वतः घातलेला. मी तिथेच रडायला लागले.

बाबा हातात पिना घेऊन उभे होते. "छान झालं," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "आता सकाळी मला काही काम नाही."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. फोन घेतला, काहीतरी लिहिलं. आरशात सगळ्यात वर नवी ओळ उमटली: रविवार, केस यांच्याकडून.

बाबांनी ती दोनदा वाचली. "बोचकं होतं ना माझ्या हातून?"

"होतंच," आई म्हणाली. "रेघ मात्र मी मारणार."